परमिटचा जमाना : सांगली-साताऱ्याचे ट्रकवाले कायदा का वाकवायचे?

कृष्णाकाठ

आपल्याकडे जुन्या ट्रकवाल्यांचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक तर 'काय ती धाडसी माणसं, एका रात्रीत हळद मुंबईला पोचवायची', नाहीतर 'सगळा दोन नंबरचा धंदा, ना परमिट ना लायसन'. मला दोन्ही अर्धवट वाटतात, म्हणून हा धागा काढतोय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डाच्या आसपास वाढलो. वडील एका अडत दुकानात दिवाणजी, थोरले चुलते ड्रायव्हर. घरात रोज ऐकलेल्या गोष्टी आणि पुढे कायद्यात वाचलेलं शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा कुठे काही गोष्टींचा उलगडा झाला.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालट्रकची दोन परमिटं होती. पब्लिक कॅरिअर, म्हणजे भाडं घेऊन कुणाचाही माल न्यायचा. प्रायव्हेट कॅरिअर, म्हणजे फक्त स्वतःच्या धंद्याचा माल, भाडं घ्यायचं नाही. पहिलं मिळणं महाकठीण. अर्ज केला की आधीचे परमिटवाले हरकत घेणार, रेल्वे हरकत घेणार, मग सुनावण्या. त्यात रेल्वेचा धंदा बुडू नये म्हणून १९४५ साली केंद्राने तत्त्वं घालून दिली होती: रेल्वेची सोय असेल तिथे ट्रकने ७५ मैलांपलीकडे माल न्यायचा नाही. पुढे ही मर्यादा सैल होत गेली, पण धंद्याला वळण लागलं ते याच काळात. आता नकाशा बघा. सातारा-पुणे कसंबसं ७५ मैलांत बसतं. सांगली-पुणे त्याच्या जवळजवळ दुप्पट. मुंबईचं तर नावच नको.

बरं, रेल्वेने पाठवावं तर पुणे-मिरज लाइन १९७० च्या सुमारापर्यंत मीटरगेज. मिरजेत भरलेला माल पुण्याला उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये पुन्हा चढवायचा. दोनदा हमाली, फुटलेली पोती, वॅगनची वाट बघत धक्क्यावर पडलेला माल. गुळाला एक पाऊस लागला तरी भाव पडतो. कुठला अडत्या ही जोखीम घेईल?

मग वाट काढली गेली. गाडी प्रायव्हेट कॅरिअर, माल परक्याचा. दिवाणजी लेटरहेडवर लिहून द्यायचे: 'सदर हळद पोती गाडीमालक यांनी आमचेकडून रोखीने खरेदी केली असून ते ती स्वतःचे धंद्याकरिता स्वतःचे वाहनातून नेत आहेत.' खाली शिक्का. खरेदी-विक्री झालेलीच नसायची. मुंबईत मशीद बंदरच्या बाजारात माल उतरला की तो कागद फाडून टाकायचा आणि भाड्याचे पैसे वेगळ्या वहीत. असे कागद वडिलांच्या हातून किती लिहिले गेले असतील कुणास ठाऊक. अक्षर सुंदर होतं म्हणून शेजारची दुकानंसुद्धा त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कायदा मोडायचा निर्णय पेढीवर व्हायचा आणि नाक्यावर थांबायचा ड्रायव्हर. पकडला तर लायसन त्याचं जप्त, रात्र त्याची चौकीत. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. माणसांची, दुकानांची, पेढ्यांची नावं मात्र कृपया टाकू नका.

घाटमाथा

चांगला धागा. साताऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

रेल्वेचं तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडे आणखी जाचक होतं. लाइन सातारा शहराला लांबून वळसा घालून कोरेगावकडून जाते, स्टेशन माहुलीला. कराडचं स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला. वाई, फलटण, वडूज, दहिवडी या गावांना त्या काळी रेल्वे नव्हतीच. वाईच्या शेतकऱ्याने हळद आधी बैलगाडीत, मग रेल्वेत, मग पुण्याला दुसऱ्या रेल्वेत घालायची? गावात ट्रक येऊन उभा राहतोय म्हटल्यावर परमिट कुणी विचारलं नाही.

लायसनबद्दल लिहिलं पाहिजे. मालट्रक चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात, हे जुन्या कायद्यातही होतं. प्रत्यक्षात चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढायचं. पहिलं वर्ष काच पुसणं, हवा बघणं, रस्सा ओढणं, ड्रायव्हरचे कपडे धुणं. मग मध्यरात्रीनंतर सपाटीच्या रस्त्याला, शिरवळ ओलांडलं की, ड्रायव्हर म्हणायचा, "बस रं हिकडं, जरा डोळा लागतोय." पोराची शाळा तिथे सुरू. डबल क्लच कसा मारायचा, चढाला कुठे गिअर टाकायचा, इंजिनाचा आवाज बदलला की काय समजायचं, सगळं अंधारात शिकायचं. पुढे लायसन निघायचं ते आधीच घाट चढून-उतरून झालेल्या माणसाचं.

यात एक वाईट सवय लागायची, तीही सांगतो. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायची. तेवढंच डिझेल वाचतं. वाचलेलं डिझेल रस्त्यात विकलं की ड्रायव्हरला दोन पैसे सुटायचे, कारण भत्ता तुटपुंजा. खंबाटकी उतरताना न्यूट्रलमध्ये असलेली भरलेली गाडी एकदा ब्रेकला ऐकेनाशी झाली की पुन्हा गिअर पडत नाही. पडलेल्या गाड्यांचे सांगाडे घाटात कितीतरी दिवस तसेच असायचे आणि नवीन किन्नरला ते बोट करून दाखवले जायचे.

माणदेशी

आमच्या माण-खटाव भागात शेतीने पोट भरत नाही, त्यामुळे माणसं फौजेत गेली, मुंबईत माथाडीत गेली, गलाईला (सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला) परमुलखात गेली, नाहीतर स्टिअरिंगला बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने ट्रक लिलावात निघाले तेव्हा फौजेतून परतलेल्या, गाडी चालवता येणाऱ्या माणसांनी ते घेतले. फोर्ड, शेव्हरोले, डॉज. पेट्रोलच्या गाड्या, पुढून हँडल मारून सुरू करायच्या. नंतर टाटाने मर्सिडीज बेंझबरोबर १९५४ साली ट्रक सुरू केले आणि डिझेलचा जमाना आला. आमच्या गावात आजही म्हातारी माणसं कुठल्याही ट्रकला 'बेंज' म्हणतात.

बाहत्तरच्या दुष्काळाचं सांगतो. धान्यावर जिल्हाबंदी होती. एका जिल्ह्याची ज्वारी दुसऱ्या जिल्ह्यात परवान्याशिवाय न्यायला बंदी. सरकारचा हेतू चांगला असेल, साठेबाजी रोखायची होती. पण ज्याचं खळं रिकामं आहे त्याच्या सोयऱ्याने दोन पोती पाठवायची ठरवली तरी तो गुन्हा. तेव्हा कडब्याच्या गाड्यांत खाली ज्वारीची पोती आणि वर पेंढ्या रचून आणल्या जायच्या. कडबा रचलेला ट्रक कोण उपसून बघणार?

यातले काही जण काळाबाजारच करत होते, तेही खरं आहे. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, एका फेरीला सोयऱ्याची ज्वारी, दुसऱ्या फेरीला व्यापाऱ्याची. बाहेरून फरक कळायचा नाही. नाक्यावरच्या शिपायाला तरी कसा कळावा? आणि कळला तरी त्याला दोन्हीकडून सारखेच पैसे मिळत होते.

दावा_नोंदणी

मी अपघात दाव्यांची वकिली करतो. वरच्या तिन्ही पोस्टी मनापासून लिहिल्या आहेत, पण एका गोष्टीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मालाच्या वर बसून जाणारी माणसं.

एसटी आली तेव्हा खासगी प्रवासी वाहतूक बंद झाली. पण वाडीवस्तीला एसटी दिवसातून एकदा, चुकली की दुसऱ्या दिवशी. त्यामुळे बाजारहून येणारी बाई पोत्यांवर, वऱ्हाड ट्रकच्या हौद्यात, ऊसतोड टोळी कोयत्या-भांड्यांसकट मोळ्यांवर. ड्रायव्हर माणशी काही पैसे घ्यायचा आणि मालकाला पत्ता नसायचा, किंवा असायचा.

गाडी उलटली की खरा प्रश्न. विमा कंपनी म्हणायची, ही मालगाडी, यात प्रवासी बेकायदा, आम्ही जबाबदार नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस एवढ्यांना विम्याचं संरक्षण मिळालं. बाकीच्यांचं काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली कुटुंबांच्या बाजूने निकाल दिला होता. २००२ साली मोठ्या पीठाने तो फिरवला. फुकट असो वा पैसे देऊन, मालगाडीतल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर नाही. म्हणजे हुकूम गाडीमालकावर. आणि मालकाच्या नावावर एक गहाण ट्रक सोडला तर काही नाही. कागदावर भरपाई मंजूर आणि हातात काहीच नाही अशी घरं मी पाहिली आहेत.

ड्रायव्हर बिचारा, व्यवस्था वाईट, हे सगळं मान्य. पण पोत्यावर बसलेल्या बाईला कुणी परमिटचा कायदा समजावून सांगितला नव्हता.

कृष्णाकाठ

@दावा_नोंदणी, अगदी बरोबर आहे तुमचं. ड्रायव्हरला दोषमुक्त करावं असं मला म्हणायचं नाही. त्याच्या वरच्या माणसांचा हिशेब कुणी मांडत नाही, ते मांडावं एवढंच. ऊसतोड टोळीला मोळ्यांवर बसवून आणणं हा ड्रायव्हरचा बेत नसायचा. मुकादम आणि गाडीमालक ठरवायचे, कारण टोळीसाठी वेगळी गाडी म्हणजे वेगळा खर्च.

जुना_पाटा

माझं गॅरेज होतं कराडजवळ, हायवेला. पंचाहत्तर ते पंचाण्णव ही वीस वर्षं ट्रक हीच माझी रोजीरोटी, म्हणून आतली बाजू सांगतो.

ओव्हरलोड हा शब्द सगळे वापरतात, पण तो केला कसा जायचा? गाडी कंपनीतून येते तेव्हा मागच्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, संच ठरावीक वजनासाठी असतो. मालक गाडी घेऊन सरळ आमच्याकडे यायचा: "दोन पाटे वाढवा." पाटे वाढवले की गाडी बसत नाही, डोळ्याला भार दिसत नाही. मग हौद्याच्या फाळक्यावर फळ्यांची उंची वाढवायची. टायर जास्त प्लायचा, म्हणजे जास्त थरांचा. एवढं झालं की नऊ टनाची गाडी चौदा टन घेऊन उभी राहायची. पण ब्रेक? ब्रेक तेवढेच. ड्रम तेवढाच, लायनर तेवढंच. भार दीडपट आणि थांबवायची ताकद तीच. मी मालकांना सांगायचो, "अण्णा, पाटे वाढवून देतो, पण घाटात गाडी थांबवणार कोण?" उत्तर ठरलेलं: "ड्रायव्हर जुना आहे."

पासिंगचा, म्हणजे आरटीओच्या तपासणीचा, दिवस वेगळाच. वाढीव पाटे काढायचे, फळ्या काढायच्या, चांगले टायर दुसऱ्या गाडीचे उसने आणून चढवायचे, हॉर्न-दिवे-रंग सगळं नवं. पासिंग झालं की संध्याकाळी टायर परत त्या गाडीला. एकाच टायर जोडीवर पाच-सहा गाड्या पास झालेल्या मला माहीत आहेत.

आणि हो, एका नंबरच्या दोन गाड्या असायच्या. पुढच्या एका पोस्टीत कुणी विचारेलच म्हणून आधीच सांगतो. १९७५ साली नॅशनल परमिट (अनेक राज्यांत गाडी चालवायचं) आलं, पण राज्याला ठरावीक कोटा. ज्याला मिळालं त्याच्याकडे सोन्याची खाण. मग परमिट एकाचं, गाडी दुसऱ्याची, चालवणारा तिसरा. काहींनी त्याच्याही पुढे जाऊन सारख्याच बनावटीच्या दोन गाड्यांना एकच नंबर लावला. एक बंगळूरच्या रस्त्याला, एक मुंबईच्या. दोन्ही समोरासमोर येऊ नयेत एवढी काळजी घ्यायची. चॅसिस नंबर खरवडून बदललेला असला की आमच्या हाताला लगेच कळायचं, तिथला पत्रा गुळगुळीत लागतो. असली गाडी मी आत घेत नव्हतो.

१ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू झाला, पब्लिक-प्रायव्हेट हा भेद गेला, परमिट मागेल त्याला मिळू लागलं. परमिटची चोरी दोन-चार वर्षांत आपोआप थांबली. वजनाची मात्र वाढली, कारण गाड्या झाल्या उदंड आणि भाडं आलं खाली.

पोवईनाका

जकातीचा उल्लेख राहिला. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली, महापालिकांची पुढेही बरीच वर्षं चालली. साताऱ्यात, सांगलीत नाक्याच्या अलीकडे मळ्यात ट्रक उभा करायचा, माल बैलगाड्यांत आणि सायकलींवर टाकून शेतातल्या वाटेने गावात न्यायचा, हा रोजचा प्रकार. कापड आणि तेलाचे डबे जास्त करून. रिकामा ट्रक नंतर नाक्यावरून रुबाबात आत. गावात दिवे-पाणी त्याच जकातीवर चालत होतं हे विसरून चालणार नाही. बुडवणारे गावातलेच प्रतिष्ठित दुकानदार होते.

हमालाची_लेक

इथे मी पहिल्यांदाच लिहितेय. माझे वडील सांगलीच्या यार्डात हमाल होते आणि धाकटे काका ट्रकवर किन्नर.

तुम्ही सगळ्यांनी ट्रक, परमिट, पाटे यांबद्दल लिहिलंत. ते चौदा टन चढवले कुणी? क्विंटलचं पोतं पाठीवर, फळीवरून हौद्यात. वजन जास्त भरलं तर हमालाला जास्त मिळायचं असं नाही, कारण बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नऊ टनच लिहिलेले. वरच्या पाच टनांची हमाली कागदावरच नाही, मग मागायची कुणाकडे? अडत्या म्हणायचा मालकाकडून घ्या, मालक म्हणायचा ड्रायव्हर वाराई (चढ-उताराची हमाली) देईल, ड्रायव्हर स्वतःच्या भत्त्यातून काहीतरी टेकवायचा. वडील आणि ड्रायव्हर यांची भांडणं व्हायची ती यावरून. आता कळतं की दोघंही एकाच चुकलेल्या हिशेबासाठी भांडत होते, आणि ज्याने हिशेब चुकवला तो आत गादीवर बसलेला असायचा.

माथाडी कायदा १९६९ चा. मुंबईत तो अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळाला, आणि ते आपल्या पाटण तालुक्यातले. म्हणजे मशीद बंदरला तीच पोती उतरवणाऱ्या, सातारा जिल्ह्यातूनच गेलेल्या माणसाला मंडळ, पगारपत्रक, फंड मिळायला लागला होता आणि इकडे ती चढवणाऱ्याला नाही. आमच्याकडे हे लोण पोचायला फार वर्षं गेली.

काकांचं लिहिते. कुंभार्ली घाटात चिपळूणकडे उतरताना गाडी गेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. ड्रायव्हर वाचला, काका गेले. गाडीत गूळ होता, ठरलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त. मालक घरी आला, मयतीचा खर्च दिला, आणि म्हणाला की हा पोरगा आमच्या कामावर नव्हता, वाटेत चढला असेल. आजी त्याच्यासमोर एक शब्द बोलली नाही. काका त्या गाडीवर तीन हंगाम होते, सगळ्या यार्डाला माहीत होतं. पण लिहिलेलं कुठेच नव्हतं. पगार रोख हातात, नाव कुठल्या वहीत नाही. वकीलसाहेब, तेव्हा काही करता आलं असतं का?

दावा_नोंदणी

ताई, करता आलं असतं. ज्यांच्या घरची माणसं आज गाडीवर आहेत त्यांच्यासाठीही सविस्तर लिहितो.

तुमचे काका प्रवासी नव्हते, कामगार होते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात ड्रायव्हरइतकाच किन्नरही बसायचा. त्यात ड्रायव्हरची चूक सिद्ध करावी लागत नसे. कामावर असताना गेला एवढं पुरायचं. दावा दोन वर्षांत लावायचा, उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकत. आणि मालगाडीतून कामावर असलेल्या माणसाची भरपाई सक्तीच्या विम्यात धरलेली असायची, म्हणजे पैसे विमा कंपनीने भरायचे होते. मालकाच्या खिशाला त्याने फारशी झळ बसली नसती. तरीही मालक 'आमचा नव्हता' म्हणायचे, याचं कारण चौकशीत बाकीचं बाहेर येईल ही धास्ती: जास्तीचं वजन, परमिट, पोराचं वय.

दुसरंही कारण होतं. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे लागायचा. आठ तासांचं काम, साप्ताहिक सुट्टी, हजेरी. म्हणून एकाच घरातले ट्रक बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर आणि किन्नर कुणाच्याच नाही. १९३९ चा परमिटचा कायदा गेला, परमिट खुलं झालं, तरी ही रीत राहिली.

पुरावा म्हणून काय चाललं असतं? यार्डातल्या हमालांचे जबाब. ढाब्यावरची उधारीची वही, तिच्यात ड्रायव्हर-किन्नरचं जेवण गाडी नंबराखाली लिहिलेलं असतं. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वाचलेल्या ड्रायव्हरचा जबाब. तो मात्र मालकाच्या भाकरीवर असतो.

नवा_गिअर

माझ्या घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, वय तीस. आजची परिस्थिती थोडक्यात लिहितो, कारण वर वाचून वाटेल की सगळं जुनं झालं.

काही राज्यं पैसे घेऊन ओव्हरलोडची कार्डं देत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बेकायदा ठरवली. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून २०१८ साली १८.५ टन केलं. २०१९ पासून ओव्हरलोडला वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पूर्वी हेच दोन हजार आणि टनाला हजार होतं. आमच्यासारख्या बिल्टीवर चालणाऱ्यांना हे परवडत नाही म्हणून आम्ही वजनात राहतो.

वाळूचं मात्र जुना_पाटा काका सांगतात तसंच आहे. रॉयल्टीची पावती एक, तिच्यावर फेऱ्या अनेक. रात्री डंपर चालवणारी पोरं विशी-बाविशीची, नंबरप्लेटला चिखल फासलेला. महसूलचं पथक आलं की मालकाचा फोन बंद. कायद्यात गाडी जप्त करायची, पाचपट दंड करायची तरतूद आहे आणि गाड्या जप्त होतातही. पण उडी मारून पळताना पाय मोडतो तो पोराचा.

हमालाची_लेक

वकीलसाहेब, आभार. उत्तर वाचून त्रास झाला, पण कळलं ते बरं झालं. आमच्या गल्लीतली तीन-चार मुलं आत्ता डंपरवर आहेत. त्यांना काय सांगू?

दावा_नोंदणी

त्यांना सांगा, पगार रोख घेऊ नका, निदान महिन्यातून एकदा तरी मालकाच्या खात्यावरून ऑनलाइन घ्या. फेरीचे मेसेज, लोकेशन, मालकाचे फोन जपून ठेवा आणि घरच्या एका माणसाकडे त्याची प्रत असू द्या. गाडीचा नंबर आणि विम्याच्या कागदाचा फोटो घरी ठेवा. अपघात झालाच, तर पहिल्याच जबाबात तो गाडीवर कामाला होता आणि कुणाकडे होता हे लिहून घ्यायला लावा. नंतर ते बदलायला फार त्रास होतो. आणि थांबू नका. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायला १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांची मुदत आहे. दिवस-कार्य उरकलं की लगेच कागद घेऊन या. सांगली आणि साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, परिस्थिती नसेल तर वकील मोफत मिळतो.